ट्रॅकवर दीडशे किलोमीटर, रस्त्यावर तेवीसशे

पुण्याहून साताऱ्याकडे निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूरु असे टप्पे घेत चेन्नईला पोहोचतो. चेन्नईच्या अलीकडे, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे, याच महामार्गालगत १९९० पासून मोटारशर्यतींचा ट्रॅक आहे. 'मद्रास मोटर रेस ट्रॅक' या नावाने तो अनेक वर्षे परिचित आहे. रोजच्या वापरातील मोटार घेऊन 'ट्रॅक डे'ला जाणारे पुण्या-मुंबईचे हौशी चालक याच रस्त्याने तेथे जातात. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. हेल्मेट घालून, ठरवून दिलेल्या वेळेत, समोरून वाहन येण्याची धास्ती न बाळगता स्वतःची गाडी तिच्या मर्यादेपर्यंत चालवून पाहण्याची ती संधी असते. या हौसेत पहिला मोठा खर्च बहुधा टायरवर होतो आणि पहिली चूकही बहुधा तेथेच होते.

हिशेब साधा आहे. ट्रॅकची लांबी ३.७ किलोमीटर. वीस-वीस मिनिटांच्या पाच फेऱ्या मिळाल्या, तरी दिवसभरात साधारण दीडशे किलोमीटर अंतर कापले जाते. पुण्याहून जाण्यायेण्याचा प्रवास मात्र तेवीसशे किलोमीटरच्या आसपास भरतो. टायर निवडताना नेमके हे तेवीसशे किलोमीटर विसरले जातात.

मोह असतो तो 'सेमी-स्लिक' टायरचा. खाचा कमी, रबर मऊ, कोरड्या वळणावर पकड विलक्षण. परंतु हे रबर तापल्यावरच खऱ्या अर्थाने काम करू लागते. ट्रॅकवर लागोपाठच्या वळणांनी आणि ब्रेकने ते तापमान गाठले जाते. पहाटेच्या गार महामार्गावर सरळ रेषेत धावताना गाठले जात नाही. साध्या रस्त्यासाठीच्या टायरचे याच्या उलट असते. तो थंडपणीही पकड देतो, पण ट्रॅकवर चार-पाच फेऱ्यांत अति तापून निसटू लागतो. निसटण्यापूर्वी तो किंचाळतो, आणि नवशिक्यासाठी ही मोठीच सोय आहे. मऊ टायर चालकाच्या चुका बराच काळ पोटात घालतो आणि मग वाढलेल्या वेगात अचानक सोडून देतो.

पावसाचा मुद्दा महाराष्ट्रातील चालकाच्या सहसा ध्यानात येत नाही. दसऱ्यानंतर आपल्याकडे आकाश निरभ्र होते, म्हणून सहलीचा बेत ठरतो. चेन्नईचा मुख्य पाऊस मात्र तेव्हाच, ऑक्टोबर ते डिसेंबरदरम्यान, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर सुरू होतो. उथळ खाचांच्या टायरला साचलेले पाणी बाजूला सारता येत नाही. गाडी पाण्यावर तरंगते आणि सुकाणू हलके पडते. ट्रॅकवर असे घडल्यास पुढे मोकळी जागा असते. महामार्गावर पुढे ट्रक असतो.

म्हणूनच पहिल्या एक-दोन वर्षांसाठी उत्तम दर्जाचा, रस्त्यासाठीच बनविलेला परंतु वेगवान गाड्यांसाठीचा टायर हीच शहाणी निवड ठरते. आकार कंपनीने सांगितलेलाच असावा. '१९५/५५ आर १६ ८७ व्ही' यातील ८७ हा आकडा ५४५ किलो भारक्षमता सांगतो, तर 'व्ही' म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. 'टी'ची मर्यादा १९०, 'एच'ची २१०. कंपनीने नेमून दिलेल्यापेक्षा खालचे अक्षर घेऊ नये. काही टायरवर झिजेचा 'ट्रेडवेअर' अंक असतो. तो मूळच्या अमेरिकी पद्धतीचा. अंक जितका लहान, तितके रबर सहसा मऊ. दोनशे किंवा त्याखालील अंक ट्रॅककडे झुकलेला टायर दाखवितो. मात्र हा अंक उत्पादक स्वतःच ठरवितो, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करणे फारसे विश्वासार्ह नाही. केंद्र सरकारने २०२० मध्ये नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली. तेव्हा परदेशी टायर निवडण्यापूर्वी, एखादा फुटल्यास त्याचा जोडीदार मिळेल काय, हे विचारून घ्यावे. बाजूवरील चार अंकी तारीखही वाचावी: '२३२४' म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षे गोदामात पडून कडक झालेले रबर कितीही स्वस्त मिळाले तरी ट्रॅकसाठी निरुपयोगी.

सर्वाधिक काळजी हवेची घ्यावी लागते, आणि तीत खर्च जवळजवळ नाही. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की टायरमधील दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. सकाळी ३२ असलेला दाब वीस मिनिटांच्या फेरीनंतर सहज ३८ होतो. टायर फुगून मधल्या भागावर धावू लागतो आणि पकड घटते. यासाठी जाणकार टायरच्या कडेवर खडूची रेघ ओढतात. फेरीनंतर रेघ कोठवर पुसली गेली, यावरून टायर किती कलला ते कळते आणि त्यानुसार हवा सोडली जाते. (पेट्रोल पंपावर विकला जाणारा नायट्रोजनही तापल्यावर जवळपास तितकाच फुगतो. पैसे चांगल्या दाबमापकावर खर्चिलेले बरे.)

धोका आहे तो त्यानंतर. गरम टायरमधून ३३ पर्यंत हवा सोडली आणि तशीच गाडी घेऊन निघाले, तर थंड झाल्यावर तो दाब २७ च्या आसपास उरतो. चार माणसे, सामान आणि शेकडो किलोमीटरचा सलग वेग, हे सारे त्या कमी दाबावर! टायरची बाजू सतत दुमडते, आतून तापते आणि अखेर फुटते. समृद्धी महामार्गावर अपघात वाढल्यानंतर २०२३ मध्ये परिवहन विभागाने वाहनांचे टायर तपासण्याची मोहीम हाती घेतली होती. तेव्हा चर्चा गुळगुळीत टायरची अधिक झाली, पण कमी हवा तितकीच घातक आहे. ट्रॅकबाहेर पडण्यापूर्वी टायर निवू द्यावेत आणि गाडीच्या दारावरील पट्टीत पूर्ण भारासाठी दिलेला दाब भरून घ्यावा.

घड्याळाच्या दिशेने धावणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणे अधिक असल्याने पुढचा डावा टायर सर्वांत जास्त सोसतो. त्याची बाहेरची कड निघण्यापूर्वी हाताने चाचपून पाहावी. फुगवटा किंवा धागे दिसल्यास मधल्या भागात कायद्याने आवश्यक १.६ मिलिमीटर नक्षी शिल्लक असली तरी तो टायर बदलावाच लागतो. पुष्कळ गाड्यांची स्टेपनी आता अरुंद आणि ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेची असते. त्यामुळे लांबून येणारे अनुभवी चालक त्याच मापाचा पाचवा टायर मागच्या आसनावर टाकूनच निघतात.