प्रॉपर्टी : ऑब्जेक्टच्या सीमेवरची भाषिक रचना

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग भाषांमध्ये माहिती आणि तिच्यावर होणाऱ्या क्रिया ऑब्जेक्ट नावाच्या एकाच घटकात बांधलेल्या असतात; माहिती साठते त्या जागेला फील्ड आणि क्रियेला मेथड म्हणतात. फील्ड बाहेरच्या कोडला थेट खुले ठेवले, तर कोणतीही किंमत तपासणीविना आत शिरते. ते बंद ठेवून वाचण्यासाठी गेटर आणि लिहिण्यासाठी सेटर अशा मेथड दिल्या, तर माहिती सुरक्षित राहते, पण साध्या आकडेमोडीतही मेथडची नावे आणि कंस यांची गर्दी होते. प्रॉपर्टीने हा पेच सोडवला, कारण वापरणाऱ्याला ती फील्डसारखी दिसते आणि चालते मात्र मेथडसारखी.

या रचनेला आधार देणारे तत्त्व बर्ट्रांड मेयर यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड सॉफ्टवेअर कन्स्ट्रक्शन’ या ग्रंथात मांडले. एखादी किंमत साठवलेली आहे की मागताक्षणी मोजून काढली आहे, हे ती मागण्याच्या पद्धतीवरून कळता कामा नये, असे हे एकसमान प्रवेशाचे तत्त्व सांगते. खात्यातील शिल्लक आज फील्डमध्ये असली आणि उद्या व्यवहारांच्या नोंदींवरून काढावी लागली, तरी ती वापरणारा कोड जसाच्या तसा राहिला पाहिजे.

बोरलँड कंपनीने १९९५ साली आणलेल्या डेल्फी या प्रोग्रामिंग प्रणालीमध्ये या रचनेचे सामर्थ्य ठळकपणे दिसले. अँडर्स हेल्सबर्ग हे डेल्फीचे प्रमुख रचनाकार होते. डेल्फीत बटणावरचा मजकूर नुसत्या बरोबरच्या चिन्हाने बदलला, तरी पडद्यावरचे बटण लगेच नव्याने रेखाटले जाई. शिवाय ‘पब्लिश्ड’ ठरवलेल्या प्रॉपर्टी ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर या खिडकीत दिसत असल्यामुळे प्रोग्राम चालवण्याआधीच त्यांच्या किमती ठरवता येत.

जावाने वेगळा मार्ग घेतला. १९९७ सालच्या जावाबीन्स विनिर्देशाने ‘गेट’ आणि ‘सेट’ने सुरू होणाऱ्या मेथडच्या नावांचा संकेत घालून दिला, पण भाषेच्या व्याकरणात प्रॉपर्टीला स्थान मिळाले नाही. पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये हेल्सबर्ग यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या सी-शार्पमध्ये ती पहिल्या आवृत्तीपासून आहे. तिथे कंपाइलर प्रॉपर्टीच्या मेथड तयार करतो आणि त्या मिळून एक प्रॉपर्टी होते, अशी नोंद मेटाडेटात ठेवतो. फील्डची जागा नंतर प्रॉपर्टीने घेतली, तर त्यावर अवलंबून असलेले प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावे लागतात. म्हणून २००७ साली सी-शार्प ३.० ने एका ओळीत लिहिता येणारी स्वयंचलित प्रॉपर्टी दिली, तेव्हा सुरुवातीपासूनच फील्डऐवजी प्रॉपर्टी वापरण्याचा शहाणा मार्ग धरणे सोपे झाले.

मात्र या सोयीबरोबर जबाबदारीही येते. प्रॉपर्टी वाचणे फील्ड वाचण्याइतकेच हलके असेल, असा वाचणाऱ्याचा रास्त समज असतो; तिच्या आड डेटाबेसची दीर्घ विचारणा लपवली, तर त्याची फसवणूक होते आणि अशा कामासाठी उघडपणे मेथडच लिहिणे योग्य ठरते. तरीही जावातल्यासारखा नावांचा संकेत पाळणे प्रोग्रामरच्या शिस्तीवर सोपवलेले असते, तर व्याकरणात आलेली रचना कंपाइलर स्वतः ओळखतो आणि राखतो. भाषेत प्रॉपर्टीला अंगभूत स्थान देण्याचे खरे मोल यात आहे.