लेप थोडा, काम मोठे

वैशाखात प्रभादेवीची हवा दमट होते आणि दुपारी पारा तेहतीस-चौतीस अंशांवर जातो. अशा दिवसांत संगणकावर चित्रफितींचे संकलन करून पोट भरणारे तरुण आम्हांला विचारतात, "ग्राफिक्स कार्ड तापून मंदावते. लॅमिंग्टन रोडवरून थर्मल पेस्ट आणून लावली, तर वेग वाढेल का?"

कार्डाच्या चिपवर उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा बसविलेला असतो. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी त्यांच्या सूक्ष्म खाचांत हवा अडकते. आणि तांब्याच्या मानाने हवेची उष्णतावाहकता सुमारे १५,००० पटींनी कमी! ही हवा हुसकावून तिची जागा घेणे, एवढेच पेस्टचे काम. ती स्वतः धातूइतकी उत्तम वाहक नव्हे. म्हणून थर पातळच हवा. जाड झाला की तोच अडसर होतो. अति तेथे माती! वाळलेला जुना लेप पुसून नवा लावला, तर तापमान उतरते आणि कार्ड आपला मूळ वेग टिकवू शकते.

मूळ वेगाहून अधिक पळविणे, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, ही गोष्ट निराळी. वेग आणि विजेचा दाब दोन्ही १० टक्क्यांनी वाढविले, तर उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. लेप उष्णता नाहीशी करीत नाही, तिला केवळ वाट देतो. पुढे ती खोलीतल्या हवेतच जायची. तेव्हा आमचे सांगणे असे: आधी पंख्यावरची धूळ झाडा, खिडकी उघडा, मग लेप बदला, वेगाचा मोह सर्वांत शेवटी.