बंदी समुद्रात, बेगमी घरात

मे महिना निम्मा सरला की कोकणात आगोटीची लगबग सुरू होते. आगोट म्हणजे पावसाच्या तोंडावर भरून ठेवायचे सामान: तांदूळ, मसाला, सरपण, आमसुले आणि त्यांच्या जोडीला सुके बोंबील, सुकट, सोडे, खारा बांगडा. गोव्यात याच साठवणीला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, पण गरज इथल्याच पावसाची. सुकी मासळी म्हणजे गरिबाचे कालवण, फार तर आजोळची चव, अशी आपली समजूत असते. मला ती अपुरी वाटते. पावसाळ्यात समुद्राला जी विश्रांती मिळत होती, तिचा अर्धा भार या सुक्या मासळीच्या डब्यांनी उचलला होता. होड्या किनाऱ्यावर ओढल्या तरी चुली मासळीवाचून राहत नव्हत्या, म्हणून होड्या ओढून ठेवणे परवडत होते.

हे समजायला वसई, अर्नाळा, उत्तन भागातली डोल पाहावी. डोल म्हणजे तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेले पिशवीसारखे जाळे. ते मासळीमागे धावत नाही. भरती-ओहोटीची ओढ मासळी त्यात आणून टाकते. त्यात येतात बोंबील, जवळा, मांदेली. ओल्या बोंबलात 85 ते 90 टक्के पाणीच, त्यामुळे काही तासांत तो लिबलिबीत होतो. एखाद्या दिवशी डोली भरून बोंबील आला आणि बाजारात भाव पडला, तर बर्फ नसलेल्या काळात करायचे काय? उत्तर कोळणींच्या बोटांत होते. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी बांबूच्या वलांडीवर टाकायची. दोरी नको, मीठही नको. दातच आकड्याचे काम करतात. उन्हावाऱ्यात तो काही दिवसांत काडीसारखा कडक होतो. आज कवडीमोलाने गेला असता तो माल जूनपर्यंत टिकतो आणि हाती रोकड नसलेल्या महिन्यांत पैसे देतो. कोळ्याच्या घरची ही मुदतठेवच, आणि तिची किल्ली बहुधा बाईच्या कमरेला.

यावर कोणी म्हणेल, पूर्वीचे कोळी समुद्रात जात नव्हते ते खवळलेल्या पाण्याच्या भीतीने. त्याला मत्स्यसंवर्धन म्हणणे म्हणजे आजच्या कल्पना मागच्यांच्या तोंडी घालणे. आक्षेप रास्त आहे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून समुद्राला शांत हो म्हणतात, त्यात माशांच्या प्रजननाचा विचार असेलच असे नाही. पण हेतू काही असो, अनेक जातींच्या विणीचा काळ पावसाळ्यातच येतो आणि त्या काळात जाळी कोरडी राहत होती. पुढे यंत्रांच्या बोटी आल्या, भीती कमी झाली, म्हणून कायद्याची गरज पडली. आता पश्चिम किनाऱ्यावर साधारणपणे 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी असते. वल्ह्या-शिडाच्या बिगरयांत्रिक होड्यांना ती लागू नाही. कायद्याची तारीख ठरलेली, पौर्णिमा मात्र सरकते. 2023 मध्ये अधिक श्रावण आल्याने ती 30 ऑगस्टला पडली. म्हणजे परंपरेने पौर्णिमेपर्यंत थांबणाऱ्याला कायद्याच्या दुपटीएवढा नाही, तरी दीडपट काळ घरी बसावे लागले असते.

कायद्याने बोट थांबवली, पण खाणाऱ्याला कोणी थांबवले नाही. पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिल ते 14 जून अशी असते. त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडची मासळी बर्फात बसून इकडे येऊ शकते, शिवाय शीतगृहातला माल असतोच. मुंबई-पुण्याच्या हॉटेलात भर जुलैत पापलेट मागितले तर मिळते. गिऱ्हाइकाला बंदीची झळ लागते ती फक्त बिलात. मागणी बारमाही राहिली की चढ्या भावाचा मोह होतो आणि बंदी मोडणाऱ्याला बाजार तयार सापडतो. सुकट खाणारे घर निदान दोन महिने या मागणीतून बाहेर असते. पाण्यात टाकून वाळू खाली बसू दिलेली, तव्यावर खरपूस परतलेली सुकट आणि कैरीची फोड, हे जेवण तडजोडीचे वाटणाऱ्याने एकदा भाकरीबरोबर खाऊन मग बोलावे.

परंपरेचे गोडवे गातानाही हिशेब सरळ ठेवायला हवा. डोलीचा शेपटाकडचा भाग बारीक आसाचा असतो. बोंबलाबरोबर त्यात पापलेटाची पिल्लेही सापडतात. ज्या पापलेटाला 2023 मध्ये राज्यमासा ठरवले, त्याच्या घटीचा सगळा दोष पर्ससीन आणि ट्रॉलरवर टाकून पारंपरिक जाळे सुटत नाही. वाळूत पसरलेल्या जवळ्यात माती जाते, खाऱ्या मासळीतले मीठ रक्तदाबवाल्याला वर्ज्य, हेही खरेच. मात्र पिल्लांच्या प्रश्नावर उपाय जाळ्याच्या आसात आहे आणि मातीवर जमिनीपासून उंच मांडलेल्या फळीत. वाळवण बंद करणे हा दोहोंवरचाही उपाय नव्हे.

तरी ते आकसते आहे. ऑक्टोबरात किंवा मेमध्ये अवकाळी सर आली की वलांडीवरचा बोंबील काळा पडतो, त्याला कीड लागते आणि आठवड्याची मेहनत खत म्हणून विकावी लागते. त्याहून मोठी अडचण आहे ती जागेची. वाळवणाच्या खळ्याला वारा लागतो, मोकळे ऊन लागते, समुद्राची जवळीक लागते. नेमकी हीच तीन कारणे दाखवून किनाऱ्याची जमीन पर्यटकाला आणि बिल्डरला विकली जाते. तिथे इमारत उभी राहिली की पहिली तक्रार वासाची येते, आणि वलांड्या हलवाव्या लागतात.