पहिलीआधीची पडताळणी
चोपडा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यात मूल रंग ओळखताना अडखळलं, की शेजारी उभ्या आईचा जीव खालीवर होतो. वास्तविक 2009च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 13 प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला मनाई करतं. मग तपासायचं तरी कशाला, असं कुणी विचारेल. हे मेळावे ज्यात भरतात त्या 2022पासूनच्या ‘पहिले पाऊल’ अभियानात पहिला मेळावा साधारण एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये होतो. मधल्या उन्हाळी सुट्टीत माता-गट मुलांकडून गोष्टी, उड्या, वस्तूंची मोजणी करून घेतात. काय जमत नाही हे आधी कळलं, तरच हे आठवडे कामी येतात. मात्र घरी अहिराणी किंवा पावरी बोलणारं मूल प्रमाण मराठीतल्या प्रश्नापुढे गप्प राहिलं, तर त्याला कच्चं ठरवणं अन्यायाचं आहे. तोच प्रश्न आईने घरच्या बोलीत विचारावा आणि आलेलं उत्तर तपासणाऱ्या ताईंनी तसंच मान्य करावं.