परसात तळे करताना



उसाला पाणी पाजणाऱ्या माणसाला पाणी साठवायला काय शिकवायचे, असे कोणी म्हणेल. पण परसात हौसेने केलेले माशांचे तळे हे प्रकरण सरीतल्या पाण्याहून वेगळे आहे. त्यातून आपले पै-पाहुणे आंबेनळी घाट उतरून पोलादपूर-महाडकडे राहात असतील आणि तिकडे हा बेत चालला असेल, तर खणण्याआधी हे वाचून घ्यावे.

पहिला प्रश्न माशांचा नाही, जागेचा आहे. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. परसातल्या खड्ड्याने डोंगर खाली येतो असे कोणी म्हणणार नाही. पण उताराचा पायथा तोडून खड्डा केला, किंवा घराच्या वरच्या अंगाला पाणी साठवून ते जमिनीत मुरू दिले, तर उतार कमजोर होतो हे साधे गणित आहे. म्हणून तळे घराच्या खालच्या अंगाला, सपाट जागी करावे. तशी जागा नसेल तर सिमेंटची टाकी जमिनीवर बांधावी, खणू नये. आणि घराच्या वर पूर्वी केलेला खड्डा झिरपत असेल तर तो पावसाळ्याआधी बुजवलेला बरा.

महाड शहराकडे गोष्ट उलटी. तिथे सावित्री आणि गांधारी घरात येतात. २०२१ च्या पुराच्या खुणा माहीत असलेल्या घरी तळ्याचे मासे पुराबरोबर नदीत जाणार हे धरूनच चालावे. नदीत गेले तर बिघडले काय? बिघडते. काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले महसीर देवीचे मासे म्हणून लोकांनी पिढ्यान् पिढ्या राखले आहेत. कोणी गळ टाकत नाही, उलट खायला घालतात. अशा नद्यांत बाहेरचा खादाड मासा शिरला की आपल्या माशांची अंडी-पिल्ली तो फस्त करतो. थाई मागूर नावाने विकला जाणारा आफ्रिकन मागूर तर मुळीच आणू नये. त्याच्या पालनाला देशात बंदीच आहे. डासांसाठी गप्पी चांगले, पण ते बंद टाकीत. ओढ्याकाठच्या तळ्यात नकोत. आणि वाळणकोंडीचे मासे पाहून महसीर पाळायची हौस येईल, तीही सोडावी. त्याला वाहते, ताजे पाणी लागते. साठलेल्या पाण्यात तो तग धरत नाही.

आता पाणी. पावसाळ्यात धो धो, आणि एप्रिलात वाडीवर टँकर, ही पोलादपूरची रीत. १० फूट लांब, ८ फूट रुंद, ३ फूट खोल तळ्यात सुमारे ६,८०० लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा मिलिमीटर उडाले, तरी रोज चाळीसेक लिटर, म्हणजे दोन-तीन हंडे, भर घालावी लागेल. बाई डोक्यावरून पाणी आणते त्या घरी हे तळे नको, असे आमचे स्पष्ट मत आहे. निम्मी सावली असेल तर पाणी कमी तापते. मात्र झाडाच्या अगदी खाली नको, पाला पडून कुजतो.

जांभ्यात आणि मुरमात पाणी टिकत नाही. दोन फुटांचा खड्डा खणून भरून पाहावा; सकाळपर्यंत निम्मा झाला तर शेततळ्यासारखा प्लॅस्टिकचा कागद घालावा लागेल. सिमेंटचे तळे असेल तर नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात. दोन-तीन आठवड्यांत चार-पाच वेळा भरून ओतून टाकावे, मगच मासे आणावेत. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन उडेपर्यंत एक-दोन दिवस उघडे ठेवावे.

काठाला फूटभर वरंबा घालून बाहेरून चर काढावा, म्हणजे शेतातले गढूळ पाणी आत येणार नाही. फवारणीचा पंप तळ्याजवळ धुऊ नये. पायरेथ्रॉइड गटातली औषधे थेंबानेही मासे मारतात. जादा पाणी जाण्याच्या नळीला बारीक जाळी हवीच. घरात लहान मूल असेल तर कुंपण आधी, मासे मागून. तीन फूट पाणी त्याला पुरेसे आहे.

एवढ्याशा तळ्यात रोहू-कटला सोडून वर्षात किलोचा मासा मिळेल हा भ्रम आहे. त्यांना गुंठ्याचे, पाच-सहा फूट खोल तळे लागते आणि तिथेही बोटुकली पन्नास-शंभरच सोडावी. कटला वरचे खातो, रोहू मधले, मृगळ तळचे, म्हणून तिन्ही एकत्र चालतात. साठलेल्या पाण्यात ते पिल्ली घालत नाहीत. बीज दरवेळी आणावेच लागते. परसात आठ-दहा गोल्डफिश पुष्कळ झाले.

आणलेली पिशवी तळ्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावी, थोडे थोडे तळ्याचे पाणी आत घ्यावे, मग मासे सोडावेत. भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड समभाग, पाच-दहा मिनिटांत संपेल एवढीच द्यावी, उरलेले कुजते. मळभाच्या दिवसांत पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर ती भूक नव्हे, प्राणवायू कमी पडला आहे. त्या दिवशी खाणे बंद, आणि बादलीने पाणी काढून उंचावरून परत तळ्यात ओतत राहावे.