रात्रपाळीचा हायड्रोजन

ओहोटी लागली की ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो आणि त्यावर हिरवट-तपकिरी, बुळबुळीत थर चमकू लागतो. ऐरोलीच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावण्याआधी एवढं ऐकाच. ज्या हायड्रोजनला उद्याचं इंधन म्हणतात, तो अशा थरांमधले सूक्ष्मजीव रोज रात्री फुकटात तयार करतात. आणि उजाडायच्या आत त्यातला बराचसा संपवूनही टाकतात!

दिवसा ऑक्सिजन, रात्री हायड्रोजन

असा थर जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा असतो, पण आत मजल्यांवर मजले. वरच्या मजल्यावर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे निळे-हिरवे जिवाणू. ऊन असेपर्यंत ते प्रकाशसंश्लेषण करतात, ऑक्सिजन सोडतात आणि साखर साठवतात. सूर्य मावळला की ऑक्सिजन बनणं थांबतं आणि उरलेला सगळे शेजारी मिळून काही मिनिटांत संपवतात. मग श्वास कसा घ्यायचा? डब्यात रात्रभर ठेवलेलं इडलीचं पीठ जसं आंबतं, तशी हे जीव आपली साखर आंबवतात. त्यात जास्तीचे इलेक्ट्रॉन उरतात. ते हायड्रोजनेज नावाचं विकर प्रोटॉनवर चढवतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. या विकराच्या गाभ्यात निकेल आणि लोखंडाचे अणू बसलेले असतात. महागडं प्लॅटिनम लागतच नाही.

सावलीत ठेवा, उत्पादन घसरतं

कॅलिफोर्नियातल्या एल्कहॉर्न स्लू या खाडीतले थर शास्त्रज्ञांनी बारकाईने तपासले. 2012 साली छापून आलेला निष्कर्ष असा: हायड्रोजन बनतो तो वरच्या 2 मिलिमीटरमध्ये, आणि मुख्य कारागीर आहे मायक्रोकोलियस नावाचा धाग्यासारखा सायनोबॅक्टेरिया. थराला दिवसभर अंधारात ठेवलं, तर त्या रात्रीचा हायड्रोजन सुमारे दहापटीने घटतो. जुनी शिल्लक फारशी कामाला येत नाही, आजचं ऊन आजच रात्री खर्च होतं. मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

मग हा हायड्रोजन जातो कुठे?

खालच्या मजल्यावर. तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू टपूनच बसलेले असतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, वरून हायड्रोजन आयता, म्हणजे जेवणाची सोय झाली. शास्त्रज्ञांनी मॉलिब्डेट नावाचं रसायन घालून या मंडळींचं काम रोखलं तेव्हा हायड्रोजन साठू लागला. खाणारे कोण, हे पकडलं गेलं ते असं. जेवण झाल्यावर ते सोडतात हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. ठाणे खाडीच्या वासात सांडपाण्याचा मोठा वाटा आहेच. पण थोडा भाग या जुन्या, निरोगी देवाणघेवाणीचाही असतो.

पंख गुलाबी, जेवण हिरवं

ठाणे खाडीत दिसणारे छोटे फ्लेमिंगो चोच उलटी धरून चिखलपाण्यातून सायनोबॅक्टेरिया आणि डायटम गाळून खातात. त्यांतल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळेच पंखांना गुलाबी छटा येते. याच पक्ष्यांसाठी 2015 मध्ये ठाणे खाडी अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. थोडक्यात, आपण ज्यांचे फोटो काढतो ते पक्षी या अदृश्य कारागिरांवर पोसलेले आहेत.

भातखाचरातही हायड्रोजन

शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी 1939 मध्ये दाखवून दिलं की भातशेतीतले निळे-हिरवे जीव हवेतला नायट्रोजन जमिनीत बांधतात. या कामात नायट्रोजनच्या एका रेणूमागे हायड्रोजनचा निदान एक रेणू सुटतोच. पण अनेक जीव तो वाया जाऊ देत नाहीत. पेशीतच परत शोषून त्याची ऊर्जा वापरतात. मुरबाड-शहापूरच्या खाचरांत पावसाळ्यात दिसणारा हिरवा तवंग त्यामुळे उगाच फेकून देण्याजोगा नाही.

पृथ्वीच्या बालपणात

टोरी होहलर, ब्रॅड बेबाउट आणि डेव्हिड डेस मरे या शास्त्रज्ञांनी 2001 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं, की प्राचीन पृथ्वीवर असे थर सगळीकडे पसरले असताना त्यांतून हायड्रोजन मोठ्या प्रमाणात बाहेर पडत असावा. हायड्रोजन इतका हलका, की वातावरणाच्या वरच्या टोकाला पोचलेला अवकाशात निसटतो. तो गेला की मागे ऑक्सिजनचं पारडं जड होतं. आपल्या श्वासाच्या जमाखर्चात या बुळबुळीची नोंद आहे ती अशी.

वज्रेश्वरीचं शेवाळ

हे पाहायला कॅलिफोर्निया कशाला? भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. ज्वालामुखी नाही, पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि वर येतं. वनस्पतिशास्त्रज्ञ एला गोन्साल्विस यांनी 1947 मध्ये वज्रेश्वरीच्या झऱ्यांतल्या शेवाळांची नोंद छापली. पुढे 1965 मध्ये जे. थॉमस यांच्यासोबत अकलोली-गणेशपुरीची. पश्चिम भारतातल्या उष्ण झऱ्यांवरच्या त्यांच्या लेखमालेची सुरुवातच इथून झाली. प्रकाशसंश्लेषण साधारण 73 अंश सेल्सिअसपर्यंतच टिकतं. ही कुंडं त्या मर्यादेच्या बरीच खाली असल्याने इथे हिरव्या जिवांना मोकळं रान मिळतं.

पुढच्या वेळी गेलात तर आंघोळीआधी कुंडातून वाहणाऱ्या पाटाच्या कडा बघा. पाणी निवत जातं तसे थराचे रंग बदलतात का, ते मुलांना शोधायला लावा. आणि कुंडांची सफाई करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: सगळे पाट घासून काढू नका, एखादा तरी तसाच हिरवा राहू द्या.