स्नायू आणि शरीराचा रोजचा उष्मांक-व्यय

आहाराचा पाठ चालू असता एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारतो, "गुरुजी, पैलवानाला एवढा खुराक का लागतो?" त्यावर 'त्याचे स्नायू मोठे, म्हणून' असे उत्तर बहुधा दिले जाते. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. उरलेला भाग शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण त्याचा संबंध शाळेतील प्रत्येक मुलाच्या ताटाशी येतो.

एक लिटर पाण्याचे तपमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जी उष्णता लागते, तिला आहारशास्त्रात एक उष्मांक म्हणतात. प्राण्याच्या शरीरात अन्नाचे एक प्रकारचे मंद ज्वलन चालते, हे लाव्हाझिए व लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात दाखविले. बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनिपिग ठेवून किती बर्फ वितळले, हे त्यांनी मोजले. प्रयोग साधा, पण त्यातून एक शास्त्र उभे राहिले.

हे ज्वलन झोपेतही थांबत नाही. ७० किलो वजनाचा प्रौढ पुरुष दिवसभर निजून राहिला, तरी त्याचे सुमारे १६०० ते १७०० उष्मांक खर्ची पडतात. ते कोठे जातात हे पाहू गेल्यास आश्चर्य वाटते. अशा पुरुषाच्या शरीरात स्नायू सुमारे २८ किलो असतात. परंतु विश्रांतीच्या वेळी एक किलो स्नायूस दिवसाकाठी अवघे १३ उष्मांक पुरतात. एक किलो चरबीस साडेचार लागतात. याउलट यकृतास किलोमागे सुमारे २००, मेंदूस २४०, आणि हृदय व मूत्रपिंडे यांस प्रत्येकी ४४० उष्मांक लागतात. या चार इंद्रियांचे एकूण वजन चार किलोही भरत नाही. तरी विश्रांतीच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा तीच उचलतात. स्नायूंचा वाटा जेमतेम पंचमांशाच्या वर जातो, आणि तोही त्यांचा पसारा मोठा म्हणून.

यावरून हिशेब सोपा होतो. एखाद्याने मेहनतीने दोन किलो स्नायू कमाविले, तर त्याचा बसल्या जागचा खर्च रोज २६ उष्मांकांनी वाढेल; म्हणजे साधारण साडेसात ग्रॅम ज्वारीच्या पिठाएवढा. भाकरीचा एक घासच म्हणावयाचा! स्नायू वाढले की बसल्या बसल्या चरबी झडते, अशा ज्या जाहिराती आढळतात, त्यांचे मोल यावरून ठरवावे.

मग पैलवानाचा खुराक जातो कोठे? तो तालमीत जातो. स्नायू आकुंचन पावू लागले की चित्र पालटते. चालताना शरीराचा खर्च विश्रांतीच्या तिप्पट होतो, कुदळीने जमीन खणताना पाच-सहा पट होतो, आणि जोर-बैठका व कुस्ती यांत त्याहूनही वाढतो. या ऊर्जेपैकी फार तर चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामास येतो. बाकीची उष्णता होऊन जाते व घामाच्या रूपाने अंग ती बाहेर टाकते. थंडीत हुडहुडी भरते तेव्हाही स्नायूच आकुंचन पावून ऊब निर्माण करीत असतात.

वय वाढले की चयापचय मंदावतो, असे पुष्कळांस वाटते. २९ देशांतील सहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या मोजमापांवर आधारलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. शरीरातील चरबीविरहित वजन जमेस धरले असता वीस ते साठ वर्षांपर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यात दिसून आले. स्त्री-पुरुषांतील फरकही बहुतांशी शरीराच्या आकारमानामुळे व स्नायू-चरबीच्या कमीअधिक प्रमाणामुळे असतो.

मुलांची गोष्ट मात्र निराळी. पाच वर्षांच्या सुमारास विश्रांतीच्या खर्चाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग एकटा मेंदू घेतो. प्रौढात हा वाटा पंचमांश असतो. काडीसारखे हातपाय असलेले मूल वारंवार भूक लागल्याचे सांगते, ते हट्टाने नव्हे.

अन्न अपुरे पडल्यास शरीर काय करते, हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४५ साली अभ्यासण्यात आले. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहिले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. चरबीबरोबर स्नायूही झिजले. विश्रांतीचा खर्च तर सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला, म्हणजे वजनाहूनही अधिक. जे स्नायू उरले होते तेही जणू काटकसरीने चालू लागले. हे तरुण सुस्त झाले, त्यांना थंडी सोसवेना, कशातही मन लागेना. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावर चरबी लवकर परतली, स्नायू मात्र मागे राहिले.

वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या, खेळाच्या तासाला अंग चोरणाऱ्या मुलास आळशी म्हणण्यापूर्वी हा प्रयोग आठवावा, आणि सकाळी घरून काय खाऊन आलास, हे त्याला विचारावे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलास रोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने देण्याचे प्रमाण ठरलेले आहे. यांतील उष्मांक मेंदू, हृदय व धावपळ यांत त्याच दिवशी संपतात. स्नायूंची बांधणी प्रथिनांवर होते, आणि उष्मांक कमी पडले तर तीच प्रथिने इंधन म्हणून जळून जातात. म्हणून भाताबरोबरची डाळ पातळ होत असेल, तर शिक्षकाने स्वतः पळी घालून पाहावी.